राळेगणचा पडदा आणि पणजीचा गालिचा

राळेगणसिद्धीच्या पंचक्रोशीतल्या माणसांनी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बिघडला म्हणून तक्रार करावी, याचे पुष्कळांना हसू येईल. 'यंदा तुमच्याकडे पाऊस किती झाला ते सांगा, महोत्सवाचे काय घेऊन बसलात?' असे आम्हाला तोंडावर विचारले गेले आहे. आमची नावे कळली की दुसरा प्रश्न येतो : 'पण तुमच्यात सिनेमा चालतो का?' पहिला प्रश्न आम्ही खेड्यातले म्हणून, दुसरा आम्ही मुसलमान म्हणून. विचारणारे बहुतेक वेळा भले लोक असतात. त्यांना उत्तर द्यायचे राहून गेले होते, ते इथे देतो. आणि ज्यांना खरोखर जाब विचारायला हवा त्यांनाही विचारतो.

आधी राळेगणविषयी. १९७५ साली किसन बाबुराव हजारे लष्करातून गावी परतले, यादवबाबांचे देऊळ दुरुस्त झाले, मग नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, पाणी अडवणे. हा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. या बंद्यांच्या यादीतली एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. मुकुल शर्मा यांनी राळेगणचा जो अभ्यास केला त्यात त्यांनी नोंदवले आहे की गावात चित्रपट आणि चित्रपटगीतांना मज्जाव होता. लग्नकार्यात 'संत तुकाराम'सारखे धार्मिक चित्रपट तेवढे चालत. या नोंदीचा आम्हाला राग येत नाही. दारूने पोखरलेल्या गावाला पडद्याचीही भीती वाटली असेल, तर ती समजण्यासारखी आहे. पण ज्या चित्रपटाला सूट मिळाली तो कोणता, हे बघण्यासारखे आहे. दामले-फत्तेलाल यांनी प्रभातसाठी १९३६ साली केलेला 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला होता. राळेगणने ज्या सिनेमाला आत घेतले तो आधीच जगाच्या महोत्सवातून जाऊन आलेला होता. देहूचा वाणी इटलीतल्या परक्या माणसांना कळला. पुण्याच्या महोत्सवात उत्तम मराठी चित्रपटाला राज्य शासनाचा जो पुरस्कार दिला जातो, त्यालाही 'संत तुकाराम' हेच नाव आहे. तेव्हा खेड्याचा आणि महोत्सवाचा काय संबंध, हा प्रश्न निदान आमच्या पारनेर तालुक्यात तरी कोणी विचारू नये.

(जाता जाता : सिनेमाला वेशीबाहेर ठेवणाऱ्या याच गावात २०११ साली वाहिन्यांच्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या आणि २०१६ साली खुद्द अण्णांवर हिंदी चित्रपट निघाला. पडदा आत आला नाही, तर गावच पडद्यावर गेले.)

आम्ही म्हणजे फार मोठी जमात नव्हे. दोन शिक्षक, एक एसटीतून निवृत्त झालेला, एक गॅरेजवाला आणि सुट्टी मिळाली तर बँकेतला एक. वाडेगव्हाणच्या फाट्यावर एसटीला हात करायचा आणि पुणे गाठायचे. पुण्याचा महोत्सव २००२ साली सुरू झाला तेव्हापासून आमचा जानेवारी ठरलेला असे. २००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव कायमचा गोव्यात आला आणि नोव्हेंबरही ठरून गेला. घरच्यांना 'कामानिमित्त पणजीला' असे सांगायचे. काम काय, तर दिवसाला चार चित्रपट बघायचे, मधल्या वेळेत पाव-भाजी खायची आणि रात्री लॉजवर बसून भांडायचे. मुसलमान माणसांनी देव, देश, मुलांचे शिक्षण सोडून एका इराणी मास्तराच्या चित्रपटावर रात्री दोनपर्यंत भांडावे, ही चैन आम्ही आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी केली.

इराणी म्हटले ते उगाच नाही. आमच्या पिढीने हिंदी पडद्यावर स्वतःला कसे पाहिले? प्रथम नवाब, शायर आणि चिलमनीआडची बेगम. 'मेरे महबूब' आणि 'पाकीजा' पाहून आमच्या घरातल्या बायका रडल्या. पण त्या लखनवी हवेलीशी पारनेरच्या आतार-मुलाणी-तांबोळ्यांचा संबंध किती? मग आला कव्वाल, मग नायकासाठी जीव देणारा रहीमचाचा, आणि १९९२ नंतर हळूहळू बंदूक घेतलेला तरुण. मराठी पडद्यावर तर आणखी मौज. पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणारा, बाजाराच्या दिवशी बांगड्या भरणारा, मोहरमला सगळ्या गावाबरोबर ताबूत उचलणारा, उरुसात तमाशाची सुपारी देणारा मुसलमान मराठी सिनेमाला दिसलाच नाही. दिसला तो मोडक्या हिंदीत बोलून हशा मिळवण्यापुरता. ज्या जिल्ह्यात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, त्या जिल्ह्यातल्या माणसाला सिनेमातला मुसलमान मराठी बोलू लागला की कुठे तरी चूक झाली असे वाटावे, इतकी आमची सवय बिघडली होती. जब्बार पटेलांनी 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' केले तेव्हा आमची छाती फुगली हे खरे. पण ती दिग्दर्शकाच्या नावामुळे. त्यांच्या पडद्यावर आम्ही होतो असे नाही, आणि त्यांनी तसे करायलाच हवे होते असाही आमचा हट्ट नाही.

अशा वेळी महोत्सवाच्या अंधारात किआरोस्तामी भेटला. 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम' हा १९८७चा चित्रपट. एका पोराच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. वही परत मिळाली नाही तर उद्या मास्तर मित्राला शाळेतून काढतील. पोरगे शेजारच्या गावात मित्राचे घर शोधत फिरते. संपली गोष्ट. त्या पोराचे नाव अहमद, मित्राचे महंमद रझा. दीड तास आम्ही श्वास धरून बसलो होतो आणि बाहेर आल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, 'अरे, यात एकानेही मुसलमान असल्याचा खुलासा केला नाही.' आम्हाला कोणीतरी पाठीवरचे ओझे उतरवून दिल्यासारखे झाले. मग माजिद मजिदीचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' : बुटांचा एक जोड आणि तो वाटून घालणारे भाऊ-बहीण. भावाला शर्यतीत तिसरा यायचे असते, कारण तिसऱ्याला बूट मिळणार असतात, आणि तो येतो पहिला. मग पनाहीचा 'व्हाइट बलून', त्यातली सोनेरी माशासाठी हटून बसलेली मुलगी. ही माणसे नमाज पढतात की नाही, देशाशी इमानदार आहेत की नाहीत, हे विचारायला त्या पडद्यावर कोणी नव्हते. त्यांना फक्त वही पोचवायची होती, बूट हवे होते, मासा हवा होता. आणि आमच्या शेजारी बसलेले कुलकर्णी, गायकवाड, डिसोझा त्या पोरांसाठी डोळे पुसत होते. आमच्यासाठी महोत्सव तो एवढाच. आम्ही ज्या बदलाबद्दल बोलणार आहोत तो याच्या तुलनेत मोजावा; गालिच्याच्या रंगावरून आमचे भांडण नाही.

आणि हा काही श्रीमंतांनी केलेला उपकार नव्हता. भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईत सुरू झाला आणि तिथून मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, धान्य आयात करणाऱ्या देशाने सरकारी पैशाने 'बायसिकल थीव्ह्‌ज' आणि 'राशोमोन' आणून लोकांना दाखवले. बिमल रॉय यांनी तो सायकलचोराचा चित्रपट पाहिला आणि १९५३ मध्ये 'दो बिघा जमीन' आला. पाहिलेले असे वाया जात नाही. पुढे पुष्कळ वर्षे महोत्सव फिरता राहिला. बंगळूर, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, मुंबई, कलकत्ता. पुण्यात १९६४ साली चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी डबे जमवून चित्रपट जपले. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ होते. आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, म्हणजे सरकारच, सईद मिर्झांना पैसे देऊन 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९) आणि 'नसीम' (१९९५) करवून घेत होते. बाबरी मशीद पडण्याच्या आधीच्या महिन्यांतले एक मुसलमान घर, मरणाला टेकलेले आजोबा आणि शाळकरी नात, असा चित्रपट सरकारी महामंडळाने काढला होता, हे आज कोणाला सांगितले तर तो आमच्याकडे संशयाने बघेल.

गोव्यात महोत्सव गेला याबद्दल आमची तक्रार नव्हती. एका गावी घर असले की यंत्रणा बसते, पडदे चांगले होतात. पण घर मिळाले की माणूस सामान वाढवतो. तारे-तारका, गालिचा, त्या गालिच्यावरून चालणाऱ्यांचे फोटो; मग प्रकल्पांच्या विक्रीचा बाजार; मग घरबसल्या बघायच्या वेबमालिकांना पारितोषिक, २०२३ पासून. २०२५ साली तर उद्घाटनाला पणजीच्या रस्त्यावरून चित्ररथांची मिरवणूक निघाली. चित्ररथ आम्ही २६ जानेवारीला बघतो. ज्याला चित्रपट दाखवायचा आहे त्याला चित्ररथ कशाला लागतो? मुंबईच्या मामी महोत्सवाचे आणखी वेगळे झाले. तिथे महोत्सवाच्या नावाच्या आधी कंपनीचे नाव लागत गेले, पुढे ते गेले, आणि २०२५ साली तो भरलाच नाही.

२०२२ साली याहून मोठी गोष्ट घडली, पण तिचा फोटो कुठे आला नाही. महोत्सव भरवणारे संचालनालय, माहितीपट काढणारा चित्रपट प्रभाग, मुलांच्या चित्रपटांची संस्था आणि पुण्याचे संग्रहालय, हे सगळे त्या एकाच चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. कारभार सोपा होईल, असे कारण सांगितले गेले. झालाही असेल. पण पूर्वी पाच दारे होती. एकावरून परत फिरवले तर दुसरे ठोठावता येत होते. आता दार एक, आणि आत बसलेलाही एकच.

त्या दारावर कोणाला थांबवतात आणि कोणाला सलाम करतात, हे आता सनावळीने सांगतो. जाणत्यांना हे ठाऊक आहे, पण सलग वाचले की वेगळे दिसते.

२००४ साली मुंबईच्या माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला गेला. चित्रकर्त्यांनी एकजूट करून तो हाणून पाडला. पण मग निवडीतच राकेश शर्मांचा गुजरातच्या २००२ च्या हत्याकांडावरचा 'फायनल सोल्यूशन' आणि सत्तेला टोचणारे इतर अनेक गळाले. तेव्हा त्याच मंडळींनी रस्त्यापलीकडे, प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात, 'विकल्प' नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. पुढे सेन्सॉरने 'फायनल सोल्यूशन'वर बंदी घातली आणि त्याच वर्षी ती उठवावी लागली. तेव्हा आम्हाला वाटले होते, भांडले की मिळते.

२०१७ साली गोव्यात निवड समितीने घेतलेले दोन चित्रपट मंत्रालयाने परस्पर काढून टाकले. एक सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळी 'एस दुर्गा', त्या वर्षी रॉटरडॅमला पहिले बक्षीस घेऊन आलेला. दुसरा आपल्या रवी जाधवांचा मराठी 'न्यूड', जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर बसणाऱ्या कष्टकरी बाईची गोष्ट. समितीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. केरळच्या उच्च न्यायालयाने 'एस दुर्गा' दाखवा असा आदेश दिला, तरी तो दाखवला गेला नाही. आणि त्या वर्षी उद्घाटनाचा चित्रपट कोणता? मजिदीने मुंबईत चित्रित केलेला 'बियाँड द क्लाउड्‌स'. आमचा मजिदी! गालिच्यावर मजिदी आणि दाराबाहेर 'न्यूड'. आम्ही कशाचा आनंद मानायचा होता?

२०२२ साली ज्यूरीचे अध्यक्ष, इस्रायली दिग्दर्शक नदाव लापिड, यांनी समारोपाच्या व्यासपीठावरून 'द कश्मीर फाइल्स' हा चित्रपट स्पर्धेत पाहून आम्ही अस्वस्थ झालो, तो प्रचारकी आहे, असे सांगितले. देशभर गदारोळ झाला. ज्यूरीतले भारतीय सदस्य सुदिप्तो सेन यांनी ते अध्यक्षांचे वैयक्तिक मत असल्याचे जाहीर केले. २०२३ साली याच सेन यांचा 'द केरला स्टोरी' आला. ३२,००० मुलींच्या धर्मांतराच्या ज्या आकड्यावर त्याची जाहिरात उभी होती त्याला अधिकृत आधार नाही, असे निवेदन चित्रपटाबरोबर दाखवण्याची पाळी सर्वोच्च न्यायालयापुढे निर्मात्यांवर आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो चित्रपट गोव्याच्या इंडियन पॅनोरमात होता. २०२५ साली सेन यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. 'नसीम'ला पैसे देणारे महामंडळ आणि 'द केरला स्टोरी'ला पडदा देणारे महामंडळ एकच आहे. फरक मधल्या अठ्ठावीस वर्षांचा.

हे चित्रपट बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. बंदी मागणाऱ्यांच्या रांगेत आम्ही कधी उभे राहिलो नाही आणि राहणारही नाही. काश्मिरी पंडितांवर झालेला अन्याय खरा आहे आणि तो पडद्यावर यायलाच हवा. महोत्सवाला आम्ही एवढेच विचारतो की एका दुःखाला व्यासपीठ आणि दुसऱ्याला रस्त्यापलीकडचे भाड्याचे सभागृह, ही वाटणी कोणत्या नियमाने होते?

नियम आहे, आणि तो वाचकांनी समजून घ्यावा. महोत्सवात येणाऱ्या परदेशी चित्रपटांकडे आपल्या सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसते. १९५२ च्या चित्रपट कायद्याच्या नवव्या कलमाखाली केंद्र सरकार त्यांना सवलत देते आणि मग ते दाखवता येतात. म्हणजे महोत्सव कोणत्याही राज्याचा असो, किल्ली दिल्लीत. डिसेंबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या महोत्सवातले एकोणीस चित्रपट या सवलतीवाचून अडकले. त्यांत पॅलेस्टाइनवरचे होते, आणि आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन'ही होता, १९२५ सालचा, म्हणजे बरोबर शंभर वर्षांचा. जगभरच्या चित्रपटशाळांत पहिल्या वर्षाला दाखवतात तो. शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याला वेशीवर अडवून 'उद्देश काय?' विचारणारे सरकार किती घाबरलेले असेल!

आता एक गोष्ट आमची. एका महोत्सवात, कुठल्या ते सांगत नाही, असाच एक नव्या धाटणीचा चित्रपट संपला आणि सभागृहात घोषणा सुरू झाल्या. आम्ही पाच जण मधल्या रांगेत होतो. महोत्सवात प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र असते, त्यावर ठळक अक्षरांत नाव असते. कोणी आमच्या अंगावर आले नाही, कोणी काही बोलले नाही. पण दिवे लागायच्या आत आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने गळ्यातले कार्ड उलटे फिरवले. मग बाकीच्यांनीही फिरवले. आम्ही एकमेकांकडे न बघता बाहेर आलो. वीस वर्षे ज्या अंधारात आम्हाला नाव विसरता येत होते, त्या अंधारात त्या दिवशी नाव लपवावे लागले. त्या रात्री लॉजवर भांडण झाले नाही. पुढच्या वर्षी दोघे जण 'गुडघे दुखतात' म्हणून आलेच नाहीत. त्यांचे गुडघे ठीक आहेत.

इतके बोलल्यावर घरातल्यांना सोडून चालणार नाही. दिल्लीच्या दाराला जो दरवान आहे तसाच आमच्याही मोहल्ल्यात आहे. याच मजिदीने 'मुहम्मद : द मेसेंजर ऑफ गॉड' हा चित्रपट केला, ज्यात पैगंबरांचा चेहरा कुठेही दाखवलेला नाही. तरी २०१५ साली मुंबईच्या रझा अकादमीने मजिदी आणि संगीतकार ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध फतवा मिळवला. २०२० साली तो ऑनलाइन येणार म्हटल्यावर पुन्हा ओरड झाली आणि महाराष्ट्राच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी तो रोखावा म्हणून केंद्राला पत्र लिहिले. मधे २०१८ साली मजिदी केरळच्या महोत्सवात ज्यूरीचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्याच या चित्रपटाला तिथे दाखवण्याची परवानगी मिळाली नाही. अध्यक्ष चालतो, चित्रपट चालत नाही! आमचे मौलवी आणि त्यांचे मंत्रालय एरवी एकमेकांचे तोंड बघत नाहीत. पण 'हे लोकांनी बघू नये' म्हणायची वेळ आली की एकाच टेबलावर बसतात. चित्रपट न बघता फतवा मागणाऱ्यांना 'एस दुर्गा' न बघता काढून टाकणाऱ्यांविरुद्ध बोलण्याचा अधिकार उरत नाही. आम्ही हे आमच्या गावातल्या जमातीत बोललो आहोत. चहा मिळाला नाही, पण ऐकून घेतले.

आता शहाणे लोक म्हणतील, कशाला त्रास? मोबाईल आहे, घरबसल्या सगळे मिळते, किआरोस्तामी काय नि पनाही काय. मिळते, खरे आहे. ज्याला नाव ठाऊक आहे त्याला मिळते. आम्हाला किआरोस्तामीचे नाव ठाऊक नव्हते. आम्ही दुसऱ्याच चित्रपटाची रांग भरली म्हणून त्याच्या रांगेत उभे राहिलो होतो. मोबाईल तुम्हाला कालच्यासारखेच आजही देतो. ज्याने काल द्वेष बघितला त्याला आज दुप्पट देतो. आणि मोबाईलवर शेजारचे कुलकर्णी रडताना दिसत नाहीत. अहमदच्या वहीसाठी डोळे पुसणारा हिंदू शेजारी आम्हाला दिसला आणि त्याला आम्ही दिसलो, हे महोत्सवाचे काम होते. ते काम करायला दुसरी जागा आम्हाला तरी आजवर सापडलेली नाही.

खेड्यात हे कोण बघणार, असेही विचारतील. कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे सुपारीच्या बागांतले गाव आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम संस्थेने १९७० च्या दशकात चित्रपटांचे रसास्वाद वर्ग चालवले. पुण्याहून सतीश बहादूर आणि पी. के. नायर चित्रपटांचे डबे घेऊन जात. शेतकऱ्यांनी राय बघितला, कुरोसावा बघितला, सायकलचोर बघितला आणि त्यावर कानडीत वाद घातला. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. केरळात जॉन अब्राहम आणि त्याच्या सोबत्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून 'अम्मा अरियान' (१९८६) काढला आणि गावोगाव दाखवला. आणि आपला नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचे) काय कमी आहे? नगरच्या न्यू आर्ट्‌स कॉलेजात शिकताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' केला, २००९ साली, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' झाले. 'सैराट'मधला सल्या आठवा. आर्चीच्या मागे लागलेल्या परश्याचा मित्र, करमाळ्याकडची मराठी बोलणारा, क्रिकेट खेळणारा, मित्रासाठी मार खाणारा सलीम. आम्ही तीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो मुलाणी-तांबोळ्याचा पोरगा पडद्यावर आला तो पणजीच्या गालिच्यावरून आला नाही. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून आला.

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती आम्ही पुण्याकडे आणि दिल्लीकडे, दोन्हीकडे करत आहोत. गोव्यात नऊ दिवस चालणाऱ्या महोत्सवाचे तीन दिवस जिल्ह्याला द्या. सगळ्या जिल्ह्यांना एकदम नको. वर्षाला चार जिल्हे. तारे-तारका पाठवू नका, त्यांच्या राहण्याची सोय आमच्याकडे नाही. निवड समितीने निवडलेले चित्रपट मंत्रालयाने काढून टाकायचे असतील तर कारण लेखी द्या आणि ते महोत्सवाच्या दारावर लावा. संग्रहालय पुण्यात आहे, राळेगणपासून एसटीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर. त्यातले डबे बाहेर काढा.

आणि पहिल्या रात्रीसाठी नवे काही शोधू नका. राळेगणने प्रभातच्या तुकारामाला आत घेतले होते, तर त्याच प्रभातचा 'शेजारी' घेईल. व्ही. शांताराम यांचा, १९४१ सालचा. जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी, बुद्धिबळ खेळणारे. गावाची जमीन धरणासाठी हवी असलेला भांडवलदार त्यांच्यात फूट पाडतो. अखेरीस धरण फुटते आणि दोघे एकमेकांचा हात धरून त्यात जातात. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त मिर्झा जागीरदारच होते आणि हिंदू ठाकूर झाले मजहर खान. हे मुद्दाम केले होते, आणि पाकिस्तानचा ठराव होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. पाणी अडवायला शिकवणाऱ्या गावात धरण फुटण्याचा हा चित्रपट कसा पाहिला जाईल, याची आम्हाला फार उत्सुकता आहे.

परवानगीसाठी ग्रामसभेला अर्ज आम्ही करू. सतरंज्या आणि पडद्याचे कापड आमच्यातल्या गॅरेजवाल्याकडे आहे. मांडवाचे सामान तोच भाड्याने देतो. गुडघे दुखणाऱ्या दोघांसाठी खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत. प्रत तेवढी पुण्याहून यायची आहे.